एंजिनातील टिकटिक, शीत प्रारंभीची

रात्रभर उभ्या असलेल्या मोटारगाडीचे एंजिन सकाळी सुरू करताच पहिली काही सेकंदे किंवा मिनिटे त्यातून येणारा, ठरावीक लयीचा, हलक्या हातोडीच्या ठोक्यासारखा आवाज. एंजिन तापत जाते तसा तो बहुधा मंदावतो किंवा थांबतो. हा आवाज म्हणजे स्वतः दोष नव्हे. ते एक लक्षण होय. त्यामागे पूर्णतः निरुपद्रवी कारण असू शकते, तसेच काही मिनिटांत एंजिन निकामी करणारा दोषही असू शकतो. म्हणून निदान दोन्ही बाजूंनी चुकते. झडपांच्या नेहमीच्या आवाजाला घाबरून धडधाकट एंजिन खोलले जाते किंवा धारव्याचा (बेअरिंगचा) ठोका झडपांचा समजून गाडी तशीच चालविली जाते. पहिल्या चुकीत पैसा जातो, दुसरीत एंजिन. या दोहोंतील भेद कानाने व घड्याळाने बऱ्याच अंशी करता येतो. आवाज किती वेळ टिकतो आणि एंजिनाच्या फेऱ्यांशी त्याचे प्रमाण काय, हे दोन प्रश्न निदानात सर्वांत उपयोगी पडतात.

शीत प्रारंभ : पाश्चात्त्य ग्रंथांत शीत प्रारंभ म्हणजे गोठणबिंदूच्या आसपास किंवा त्याखाली केलेला प्रारंभ असे बहुधा गृहीत असते. वंगण तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-५०, ५डब्ल्यू-३० अशा ज्या खुणा असतात, त्यांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. २०डब्ल्यू तेलाची प्रारंभकालीन श्यानता (दाटपणा) −१५° से. ला, तर ५डब्ल्यू तेलाची −३०° से. ला तपासतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली या भागांत जानेवारीतील पहाटेचे तापमानही सामान्यतः १५°–१८° से. च्या आसपास असते. काही वर्षी ते आणखी तीन-चार अंशांनी उतरते. त्यामुळे तेल थिजल्याने एंजिन कुरकुरते, हे थंड देशांतील स्पष्टीकरण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही.

तरीही या शहरांत सकाळची टिकटिक ही मोटारमालकांची नेहमीची तक्रार आहे. याचे कारण असे की, प्रारंभाची ‘शीतता’ ही हवेच्या तापमानापेक्षा एंजिन किती वेळ उभे होते यावर अधिक अवलंबून असते. एंजिन बंद झाल्यावर वरच्या भागातील तेल हळूहळू निथळून तळाच्या तेलपात्रात, म्हणजे फिटर लोकांच्या भाषेतील चेंबरमध्ये, उतरते. झडपा, डोलभुजा व कॅमदंड यांवर केवळ पातळ थर उरतो. रोज सकाळी लोकलने मुंबईला जाणाऱ्या कुटुंबाची गाडी सोमवार ते शनिवार इमारतीखाली उभी राहते व रविवारी सुरू होते. अशा गाडीतील तेलाला निथळण्यास सहा दिवस मिळतात. दुसऱ्या प्रकारची गाडी रोज निघते, पण घरापासून स्टेशनपर्यंत दोन-तीन किमी. जाऊन थांबते. तिचे एंजिन पूर्ण तापत नाही, तेलात मिसळलेले पाण्याचे व इंधनाचे अंश उडून जात नाहीत आणि पुढे त्यांचाच काळा चिखल बनतो. शिवाय खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींच्या तळमजल्यावर गाडी सुरू केली की, छत व भिंती यांवरून ध्वनी परावर्तित होतो. मोकळ्या रस्त्यावर लक्षातही न येणारा आवाज तेथे दुप्पट वाटतो. निदानाची पहिली पायरी म्हणून गाडी ढकलून उघड्यावर न्यावी, तेथे रात्रभर ठेवावी व सकाळी सुरू करून ऐकावी, हे अगदी साधे काम बहुधा कोणी करीत नाही.

झडपांचा आवाज : चतुर्धाव एंजिनात प्रत्येक सिलिंडरास मिश्रण आत घेणारी व जळालेले वायू बाहेर टाकणारी अशा किमान दोन झडपा असतात. कॅमदंडावरील उंचवटा मधल्या भागांमार्फत झडप ढकलून उघडतो व स्प्रिंग ती मिटविते. झडपेचा दांडा तापून लांबतो. त्याला जागा मिळावी म्हणून जुन्या धर्तीच्या रचनेत झडप व तिला ढकलणारा भाग यांत मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. ती एंजिनाच्या प्रकारानुसार साधारणपणे ०·१ ते ०·४ मिमी. असते. दर वेळी ही फट मिटताना धातूवर धातू आपटतो. तीच टिकटिक होय. फट वाढली की ठोका जोराचा होतो. कामगार त्याला ‘टॅपेटचा आवाज’ म्हणतात व फट जुळविण्याच्या कामाला ‘टॅपेट सेटिंग’.

मुंबई व ठाण्याच्या रस्त्यांवर हा आवाज दीर्घकाळ ओळखीचा होता तो प्रीमिअर पद्मिनीमुळे. फियाट ११०० या इटालियन मोटारीवरून आलेल्या या गाडीचे १,०८९ घ. सेंमी. क्षमतेचे एंजिन होते. त्यात कॅमदंड खाली ठोकळ्यात व झडपा वर शीर्षात असून मधे लांब ढकलदांड्या व डोलभुजा होत्या. इतके सांधे असले की, प्रत्येक सांध्याची थोडी थोडी झीज एकत्र होऊन आवाज वाढतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची अखेरची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. या गाड्यांवर हात बसलेले फिटर पात्यांच्या मापकाने फट मोजून, पेच फिरवून, काजळी नट घट्ट आवळीत. त्यांच्या कामातील एक बारकावा अजूनही उपयोगी आहे. डोलभुजेच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल, तर मापकाचे सपाट पाते खळग्यावर पुलासारखे बसते. पात्याला फट बरोबर लागते, पण प्रत्यक्षात ती खळग्याच्या खोलीइतकी जास्त असते. अशा वेळी कितीही सेटिंग केले, तरी आवाज जात नाही. ती डोलभुजाच बदलावी किंवा घासून सपाट करावी लागते.

एंजिन तापले की फट कमी होते व म्हणून आवाज जातो, असे सर्रास सांगितले जाते. ते नेहमी खरे नसते. शीर्ष ॲल्युमिनियमचे व ढकलदांड्या पोलादाच्या असतील, तर तापल्यावर शीर्ष अधिक वाढते व फट उलट थोडी रुंदावते. अशा एंजिनाचा आवाज तापल्यावर कमी भासतो तो दोन वेगळ्या कारणांनी : तेलाचा थर सर्वत्र पोहोचून ठोका मऊ होतो आणि प्रारंभी चोकमुळे वाढलेल्या फेऱ्या खाली येतात.

१९८३ च्या अखेरीस बाजारात आलेल्या मारुती ८०० च्या तीन सिलिंडरी एंजिनात कॅमदंड शीर्षात आला, ढकलदांड्या गेल्या; पण डोलभुजांवरील पेच व फट राहिली. पुढील काळातील पुष्कळ एंजिनांत फट आपोआप भरून काढणारी तेलदाबावर चालणारी टॅपेटे आली. ही कल्पना जुनी आहे. १९३० च्या कॅडिलॅक मोटारीच्या सोळा सिलिंडरी एंजिनात ती वापरली होती. टॅपेटाच्या पोकळीत दाबाखालील तेल शिरते, आतील लहान दट्ट्या वर सरकतो व फट शून्य होते. उलट वाटेने तेल बाहेर पडू नये म्हणून तेथे एक सूक्ष्म गोळीची झडप असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर ज्या टॅपेटांवर झडपांच्या स्प्रिंगांचा दाब राहतो त्यांतून तेल झिरपून जाते. सकाळी ते पुन्हा भरेपर्यंत टिकटिक होते.

किती वेळ टिकतो : येथे घड्याळ उपयोगी पडते. प्रारंभानंतर एक-दोन सेकंदांत थांबणारी खडखड किंवा टिकटिक म्हणजे तेल वर पोहोचण्यास लागलेला वेळ. ती महिनोन्महिने तेवढीच राहत असेल, तर तिच्याकडे दुर्लक्ष करण्यास हरकत नाही. ती वाढत जाऊन पाच-दहा सेकंदांवर आली, तर प्रथम तेलाच्या गाळणीकडे पाहावे. पेचाने बसविण्याच्या डबीसारख्या गाळणीत रबराची एक चकती असते. एंजिन बंद झाल्यावर गाळणीतील तेल परत खाली उतरू न देणे हे तिचे काम. गाळणी आडवी किंवा उलटी बसविलेल्या एंजिनात या चकतीवर बरेच काही अवलंबून असते. हलक्या प्रतीच्या किंवा नकली गाळणीत ही चकती लवकर कडक होते, काहींत ती नीट बसतच नाही. मग रोज सकाळी पंपाला आधी रिकामी गाळणी भरावी लागते व तोवर कॅमदंड कोरडा फिरतो. मूळ प्रतीची गाळणी व ताजे तेल एवढ्या उपायाने येथील तक्रारींचा मोठा भाग मिटतो. ज्या एंजिनात कॅमदंड साखळीने फिरतो, त्यात साखळी ताणणाऱ्या भागालाही तेलाचाच दाब लागतो. त्यामुळे प्रारंभीची खडखड साखळीची असू शकते. ती टिकटिकीपेक्षा विस्कळित असते व एंजिनाच्या पुढील आवरणापाशी स्पष्ट ऐकू येते.

अर्धा ते पाच मिनिटे टिकून मग जाणारा आवाज वेगळ्या कुळातील असतो. एखादे टॅपेट काळ्या चिखलाने अडखळत असेल, तर ते तेल गरम होऊन सैल होईपर्यंत वाजते. पण याच कालावधीत दट्ट्याचा म्हणजे पिस्टनचा थपका मोडतो व तो निदानात वारंवार फसवितो. दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, सिलिंडर पुष्कळदा बिडाचा. दर अंश से. ला ॲल्युमिनियम सुमारे २३ दशलक्षांश, तर बीड सुमारे ११ दशलक्षांश प्रसरण पावते. ७० मिमी. व्यासाचा दट्ट्या १००° से. नी तापला, तर तो सुमारे ०·१६ मिमी. वाढतो, त्याभोवतीचा सिलिंडर ८०° से. नी तापून सुमारे ०·०६ मिमी. वाढतो. म्हणजे थंड एंजिनात दट्ट्याभोवती ०·१ मिमी. जागा अधिक असते. स्फोटाच्या क्षणी संयोगदांडा तिरपा असल्याने दट्ट्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटतो. हा आवाज टिकटिकीपेक्षा किंचित पोकळ असतो, गाडी ओढ घेत असताना वाढतो व एंजिन तापल्यावर पूर्ण थांबतो. जुन्या पेट्रोल एंजिनात त्या सिलिंडराचा ठिणगी-प्लग क्षणभर निकामी केला की तो क्षीण होतो. आजच्या संगणक-नियंत्रित एंजिनात अशी तार उपसू नये. प्रज्वलन वेटोळे व धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक यांना इजा होते. थपका तापल्यावर जात असेल व एंजिन तेल पीत नसेल, तर ते हजारो किमी. विनातक्रार चालते. त्यासाठी सिलिंडर बोअर करण्याचा सल्ला लगेच मानण्याचे कारण नाही.

याच गटातील तिसरा आवाज निष्कास-नळीच्या सांध्याचा. शीर्ष व निष्कास-नळी यांमधील गॅस्केट फाटले किंवा बोल्ट तुटला, तर प्रत्येक स्फोटानंतर वायू चिरेतून फट् फट् करीत निसटतो आणि तो आवाज झडपांच्या टिकटिकीसारखाच भासतो. धातू तापून फुगला की चीर मिटते व आवाज जातो. सांध्याभोवती काजळीचा काळा डाग ही याची खूण होय. एंजिन थंड असतानाच मागील नळीचे तोंड जाड फडक्याने क्षणभर अर्धवट रोखले, तर सांध्यापाशी फुसफुस वाढते. हा दोष एंजिनाला फारसा घातक नाही, माणसाला मात्र आहे. निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद गॅरेजमध्ये आवाज ऐकत एंजिन चालू ठेवून बसणे म्हणूनच धोक्याचे आहे. पावसाळ्यात काचा लावून, आतील हवाच खेळती ठेवून घोडबंदर रस्त्यावरील किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरील कोंडीत तासभर उभ्या राहिलेल्या गाडीतही तो शिरू शकतो. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे प्रवाशांना वारंवार जाणवत असतील, तर टिकटिकीचा विचार प्रथम या दिशेने व्हावा.

लय : भुजादंडाच्या, म्हणजे क्रँकच्या, दोन फेऱ्यांत कॅमदंडाची एक फेरी होते. एंजिन मिनिटाला ६०० फेरे करीत असताना एकच झडप वाजत असेल, तर मिनिटाला ३०० म्हणजे सेकंदाला पाच ठोके पडतात. जुन्या एचएमटी जनता मनगटी घड्याळाची गती हीच. असे घड्याळ कानाशी धरून तुलना करता येते; मात्र पुष्कळ एंजिने ८०० च्या आसपास मंदगतीने चालतात व थंड असताना १,२०० किंवा अधिक फेरे करतात, हे ध्यानात ठेवून हिशेब करावा. आवाज झडपांच्या गतीच्या दुप्पट, म्हणजे भुजादंडाच्या प्रत्येक फेरीला एकदा पडत असेल, तर त्याचा उगम एंजिनाच्या खालच्या भागात शोधावा लागतो. फेऱ्यांशी मेळच नसलेला आवाज पट्ट्यावर फिरणाऱ्या जनित्राचा, पाण्याच्या पंपाचा किंवा सैल पत्र्याचा असू शकतो. पट्टा काढून एंजिन काही सेकंदेच चालविल्यास पहिल्या दोघांचा निकाल लागतो.

इंधनामुळे होणारे आवाज : कार्ब्युरेटर गेल्यानंतरच्या एंजिनात विद्युत् चुंबकाने उघडणाऱ्या इंधन-तोट्या असतात व त्या स्वभावतःच टिकटिकतात. डीझेल एंजिन थंड असताना इंधन फवारल्यापासून ते पेटेपर्यंतचा काळ लांबतो, साठलेले इंधन एकदम पेटते व कडकड आवाज येतो; डोंबिवलीजवळच्या प्रीमिअरच्या कारखान्यात १९९० नंतरच्या दशकात तयार झालेल्या प्यूजो ३०९ च्या डीझेल आवृत्तीच्या मालकांनाही तो परिचित होता. यांत बिघाड काही नाही.

संपीडित नैसर्गिक वायूचा, म्हणजे सीएनजीचा, विचार मात्र स्वतंत्रपणे केला पाहिजे. महानगर गॅस लि. या १९९५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे जाळे मुंबईपासून ठाणे, कल्याण व डोंबिवलीपर्यंत पोहोचले आणि या शहरांत वायूवर चालणाऱ्या मोटारी फार झाल्या. अशी गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होते व एंजिन थोडे तापल्यावर आपोआप वायूवर जाते. त्या क्षणापासून सुरू होणारी टिकटिक वायूच्या तोट्यांची असते. त्यांचा ठोका पेट्रोलच्या तोट्यांपेक्षा कर्कश असतो. म्हणून सीएनजी गाडीच्या मालकाने ‘सकाळी आवाज येतो’ एवढेच न सांगता तो पहिल्या सेकंदापासून येतो की वायूवर गेल्यावर, हे सांगितले पाहिजे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उलट्या दिशेची आहे. वायू कोरडा असतो. पेट्रोलच्या थेंबांमुळे झडप व तिची बैठक यांना मिळणारा किंचित गारवा व ओलावा त्याने मिळत नाही. बैठक झिजते, झडप वर सरकते आणि फट वाढण्याऐवजी कमी होत जाते. आवाज कमी होतो. मालक खूश होतो, पण फट संपली की झडप पूर्ण मिटत नाही; मिटलेल्या अवस्थेत बैठकीतून तिची उष्णता निघून जाते ती जात नाही, आणि निष्कास-झडपेची कड जळते. सकाळी सुरू होण्यास वेळ लागणे, मंदगतीत एंजिन थरथरणे व दाबचाचणीत एखादा सिलिंडर कमी पडणे ही त्याची चिन्हे. फट पेचाने किंवा निवडक जाडीच्या टोप्यांनी जुळविलेल्या एंजिनात थोडी टिकटिक असणे हे म्हणूनच प्रकृती ठीक असल्याचे चिन्ह मानावे. वायूवर चालणाऱ्या गाडीची फट ठरलेल्या अंतराने, आवाज नसला तरी, मोजून घ्यावी.

थांबविण्याजोगा आवाज : भुजादंडाला संयोगदांडे जेथे जोडलेले असतात तेथील धारवे तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतात. हा थर फाटला की मऊ मिश्रधातूचे अस्तर झिजते व ठोका सुरू होतो. तो खोल व जड असतो, फेऱ्या एकदम वाढवून सोडल्या की अधिक उठतो आणि एंजिन तापल्यावर कमी न होता वाढतो, कारण गरम तेल पातळ होते. २०डब्ल्यू-५० तेल २०° से. ला जितके दाट असते, त्याच्या वीस-तीस पटींनी ते १००° से. ला पातळ असते. आरंभीच्या अवस्थेत मात्र हाच ठोका हलक्या टिकटिकीसारखा वाटतो, आणि येथेच फसगत होते. सकाळी नाही, दुपारी आहे, अशा टिकटिकीला सकाळच्या टिकटिकीपेक्षा कितीतरी अधिक भ्यावे.

तेलदाबाचा तांबडा दिवा विझला म्हणजे दाब पुरेसा आहे, असे समजणे चूक आहे. तो दिवा साधारणपणे दर चौ. सेंमी. ला ०·३–०·५ किग्रॅ. एवढ्या अल्प दाबालाच विझतो. दिव्याचा स्विच काढून त्या जागी दाबमापक जोडावा व थंड आणि गरम अशा दोन्ही स्थितींत दाब पाहावा. मिनिटाला दर १,००० फेऱ्यांमागे दर चौ. सेंमी. ला ०·७ किग्रॅ. हा जुना ठोकताळा आहे. नव्या एंजिनांसाठी कारखान्याच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. ही चाचणी अर्ध्या तासाची आहे. ती केल्याशिवाय झडपांचे आवरणही उघडू नये, असे अनुभवी तंत्रज्ञ मानतात. त्याही आधी तेलमापक कांडी ओढून पातळी पाहावी. पातळी उतरल्यामुळे पंप हवा ओढतो व टॅपेटांत फेस जातो. अशा एंजिनाचा आवाज अर्ध्या लिटर तेलाने थांबल्याची उदाहरणे कमी नाहीत. त्यानंतर लांब पेचकसाचे टोक एंजिनावर व मूठ कानामागील हाडावर ठेवून, किंवा कामगारी स्टेथॉस्कोपने, वरचे आवरण, बाजू व तेलपात्र क्रमाने ऐकावे. फिरत्या पट्ट्याजवळ हे करताना ओढणी, सैल बाही व साखळी सांभाळावी.

टिकटिकीवरचा सर्वांत प्रचलित घरगुती उपाय म्हणजे दाट तेल घालणे. ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० तेलासाठी आखलेल्या एंजिनात २०डब्ल्यू-५० ओतले की तापल्यावरचा आवाज खरोखर दबतो. पण सकाळी तेच तेल अरुंद वाहिन्यांतून वर जाण्यास अधिक वेळ घेते. म्हणजे ज्या तक्रारीसाठी ते घातले, तीच वाढते. धारवा झिजला असेल, तर हा उपाय ठोका काही आठवडे झाकतो, एवढेच. चिखल धुऊन काढणारी द्रव्येही जपून वापरावीत. जुन्या एंजिनात त्यांनी सुटलेले तुकडे पंपाच्या तोंडावरील जाळीत अडकून दाब पूर्ण जाऊ शकतो. त्यापेक्षा योग्य तेल निम्म्या अंतराने दोन-तीन वेळा बदलणे व गाडी आठवड्यातून एकदा नाशिक रस्त्यावर तासभर सलग चालविणे अधिक सुरक्षित असते. थोड्या अंतराच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचे तेल किमी. मोजून न बदलता महिने मोजून बदलावे.

पुरानंतरची टिकटिक : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, त्याच दिवशी उल्हास नदीच्या पुराने कल्याण, बदलापूर हा पट्टा पाण्याखाली गेला व इमारतींच्या तळमजल्यांवर उभ्या असलेल्या असंख्य मोटारी बुडाल्या. त्यानंतरही सखल भागांत अशी वेळ पुन्हा पुन्हा आली आहे. बुडालेले एंजिन तसेच सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि संयोगदांडा वाकतो. वाक पुष्कळदा इतका थोडा असतो की, पाणी उपसल्यावर एंजिन चालू होते व काही आठवड्यांनी टिकटिक ऐकू येऊ लागते. दांडा किंचित आखूड झाल्याने दट्ट्या पूर्ण वर जात नाही, खाली येताना त्याची कड भुजादंडाच्या प्रतिभाराला घासते आणि त्या एका सिलिंडराचा दाब इतरांपेक्षा कमी भरतो. बुडालेल्या गाडीची विद्युत् घटमाला आधी सोडवावी. नंतर प्लग काढून भुजादंड हाताने फिरवावा, तेलमापक कांडीवर दुधाळ तेल दिसते का ते पाहावे, आणि तेल व गाळणी बदलल्यानंतरच किल्ली फिरवावी.